सोळा-सतराचं घर

नकला करणाऱ्यानं लिहिलं म्हणजे हसाले भेटन, असं समजून तुमी पाय पसरून बसले असान, तर आधीच सांगून ठेवतो. इथं हेडमास्तर येणार नाई, बसचा कंडक्टर येणार नाई, तेलुगूच्या सरचं नाकातलं बोलणंबी येणार नाई. लगनात, बारशात, जयंतीच्या स्टेजवर, जिथं जाव तिथं लोकं म्हणते, ते कर ना रे, ते. मी करतोबी. पण एक आवाज मी बंद करून टाकला. दोनच शब्दाचा होता. अन् ही गोठ तर नट-बोल्ट खोलाचे पाने कसे घेतले अन् कसे लावले त्याची हाये, म्हणजे लोखंडाची हाये, जड हाये. वाचता वाचता थकले तर मले बोलू नका, मी लिहाच्या आधीच थकून बसलो.

तवा आमी आंध्रात होतो. आमचं गाव जैनथकडचं. माहा बाप मास्तर, अन् मास्तरचा पोरगा इंटरमधी दोनदा नापास, म्हणून घरात बाप माह्याशी कामापुरतंच बोले. मी सकाळच्या बसनं आदिलाबादले जाओ अन् कापसाच्या मार्केटच्या रस्त्यावर एका गॅरेजमधी काम करो. काम म्हणजे घमेल्यात डिझेल घेऊन पार्ट धुणं. दीड वर्स धुतले. हाताचा वास जाये ना. माय भाकर वाढताना म्हणे, तुह्या हातानं चुलीजवळ येऊ नको बाप्पा, पेट घेशीन.

गॅरेजचा एक कायदा होता. ज्याच्याजवळ स्वतःचे पाने, त्याच्याच हाती गाडी. ज्याच्याजवळ नाई, त्यानं धुवाचं. उस्ताद आपले पाने कोणाले देत नव्हते, सख्ख्या भावालेबी देले नसते.

उस्ताद लय कमी बोलणारा माणूस. गाडीखाली झोपले का आधी बिडीचा खोकला, मंग जरासं थांबणं, मंग पान्याचा आकडा. "ख्हं. बारा-तेरा." दे नाई, घे नाई, नाव नाई, काईच नाई. गाडीखालून हात बाहेर निघे, अन् त्या हातावर मामा बरोबर बारा-तेराच ठेवत.

मामा म्हणजे साऱ्या गॅरेजचे मामा. पहिलं ते कापसाच्या जिनिंग मिलमधी फिटर होते. मंग डोळे गेले. उजेड हाये का अंधार हाये, येवढंच त्याईले कळे. उस्तादाच्या पेटीजवळ स्टुलावर बसत अन् दिवसभर पाने देत, घेत, पुसत, ठेवत. पेटीत एकेका पान्याची जागा ठरेल होती. मामाचा हात तिथं असा जाये जसा आपला हात आपल्या खिशात जाते. गिऱ्हाईक टोमणे मारत, का उस्ताद, आंधळ्याले कारभारी केलं का. एकदा उस्ताद साऱ्याईसमोर बोलले, जवरलोक पेटी पुरी हाये तवरलोक मामा हायेत. एक पाना गेला का मी पेटीले कुलूप लावतो, अन् मामा बोथ गावाले, पोरीच्या घरी. मामाईनंबी ऐकलं. त्याईले बोथले जाचं नव्हतं. पोरगी चांगली होती, जावाईबी चांगला. पण मामा म्हणत, "तिथं भाकर भेटते रे, पण कोनी आकडा नाई मांगत."

आता पाने घेण्याचं सांगतो. सायकल विकली, अन् भर उन्हात चार दुकानं फिरलो. एकानं म्हटलं उद्या ये. दुसऱ्यानं माह्या कपड्याकडं पाहून डब्यातला गंजेल माल काढला. तिसरा शेठ भाव कमी करे ना; जे इचारलं त्याले डोळे मिटून एकच बोले, "देखो भाई, माल एक नंबर." चौथ्या दुकानात मी बसूनच पडलो. पाणी मांगतलं, अन् उगाच तिसऱ्या शेठची नकल केली. डोळे मिटले, पोटावर हात ठेवला, देखो भाई. चौथा शेठ असा हसला का त्याले खोकला लागला. नोकर हसले, एक गिऱ्हाईक हसला. शेठनं भाव कमी केला, वरून एक पेचकस फुकट देला. आठ पान्याचा सेट, पक्कड, हातोडी, सारं पेपरात बांधून देलं. मी आपल्याच नकलीवर खुश. उघडून पाह्यलं नाई.

ते गाठोडं घेऊन बसमधी उभा राह्यलो, मंग फाट्यापासून गावापर्यंत पायी. खांदा असा दुखला का सायकल काऊन विकली असं झालं.

घरी मायनं पाने ठेवाले कापडाची गुंडाळी शिवाले घेतली, आठ पान्याचे आठ घरं, लहानापासून मोठ्यापर्यंत. जाड कापड पायजे होतं. खुटीवरची आपली जुनी पँट बापानंच काढून मायसमोर टाकली. माय शिवत गेली, मी आकडे वाचत गेलो. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. सहावं घर शिवून झालं अन् माय म्हणे, "हे दोन तर जुळे हायेत." पाह्यलं, तर चौदा-पंधरा दोन. सोळा-सतराच नाई.

दुसऱ्या दिवशी शेठकडं गेलो. जुळा वापस घेतो म्हणे, पण सोळा-सतरा नागपूरहून आल्यावर. दर आठवड्याले जाओ, दर आठवड्याले नागपूर. मी जुळा पेचकसाजवळ खोसून ठेवला. सहावं घर रिकामं राह्यलं.

पाने कसे लावाचे हे मामाईनं शिकवलं. दुपारी डबा खाऊन झाला का मले समोर बसवत. डोये मीट म्हणत. पाने बारदानावर पसरवत अन् म्हणत, लाव. मी चाचपडो, अंगठ्यानं तोंड मोजो, चुको. मामा गुंडाळीवर हात फिरवून सांगत, हा परक्या घरात गेला, काढ. माहे लाड नाई केले. मी त्याईले हसवाले पाहो, तर म्हणत तोंड बंद ठेव, हात चालव. "पाना हाती आला का डोक्याले इचारू नोको. हाताले घर माईत पायजे." महिनाभर हेच. बसमधी येता-जाता मांडीवर गुंडाळी ठेवून मी डोळे मिटून पाने काढो अन् घालो. दात पडल्यावर जीभ जशी तिथंच जाते, तसं बोट त्या सहाव्या घरात जाये.

मंग उस्तादानं मले गाडी देली. एक काळीपिवळी जीप होती, गावाकडून सवाऱ्या आणणारी. क्लच प्लेट जळली होती. दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून गाडी संध्याकाळपर्यंत पायजे. उस्ताद माह्या गुंडाळीकडं पाहून म्हणे, गाडी खोल.

मी बारदान टाकून खाली घुसलो. गेअर बॉक्स उतरवणं म्हणजे काय ते ज्यानं छातीवर घेतला त्याले इचारा. सारे बोल्ट निघाले, वरचे दोन राह्यले, सतराचे. जीपमधला स्लाइड पाना, तोंड लहान-मोठं होणारा, तिथं शिरे ना, शिरला तर घसरे. बोल्टाचे कोपरे झिजाले लागले. उस्ताद क्लच प्लेट आणाले पायी स्पेअरच्या दुकानात गेले होते. मी खालूनच मामाले म्हटलं, उस्तादाचा सोळा-सतरा द्या, पाच मिनिटात देतो. मामा म्हणे, उस्ताद मांगन तवा देईन.

मी पडून राह्यलो. डोळ्यात माती, तोंडात तेलाची चव. उस्ताद आले अन् पाह्यलं का बोल्ट झिजवले, तर पहिलीच गाडी शेवटची. वापस घमेलं, वापस डिझेल. खरं सांगतो, मस्ती म्हणून नाई केलं. मस्ती कराले आंगात जीव लागते.

थोडा वेळ जाऊ देला. मंग खोकललो.

"ख्हं. सोला-सत्रा."

मामा स्टुलावरून उठले. त्याईले वाटलं, उस्ताद येऊन दुसऱ्या बाजूनं खाली शिरले. मी हात बाहेर काढला, उस्ताद काढत तसा, तळवा वर. मामाईनं पाना पुसला अन् हातावर ठेवला.

बोल्ट निघाले. उस्ताद आले, मी पाना बारदानाखाली दाबला; त्याईनं वाकून पाह्यलं, "हं" म्हटलं. दीड वर्सात पहिल्या बारीनं. नवी प्लेट मीच टाकली, गेअर बॉक्स वापस चढवला, त्याच सोळा-सतरानं कसला. उजेड कमी होत आला का मामा रोज घरी जात, उजेडाच्या अंदाजानंच त्याईले वाट सापडे. जायच्या आधी पेटी चाचपत. त्या दिवशीबी चाचपली. एक जागा रिकामी होती, पण गाडीखाली उस्ताद हायेत, पाना त्याईच्या हाती हाये, असं समजून गेले. मी बाहेर निघालो तवा कंबर सरळ होये ना. बस चुकू नये म्हणून घाईनं पाने उचलले, गुंडाळीत घातले, अन् निघालो. हातानं घातले. डोकं कवाचंच झोपलं होतं.

सकाळी माय गुंडाळी हातात देताना म्हणे, "आज जड लागते. भेटला वाटते तुहा तो."

मी तिथंच उघडली. सहाव्या घरात सोळा-सतरा बसेल. काय बसला होता. कोणी पाह्यलं असतं तर म्हटलं असतं, सेट पुरा झाला.

मनात ठरवलं का पहिल्या बसनं जाव, उस्ताद याच्या आधी पेटीत ठेवून द्याव, कोणाले कळाचं नाई. तर त्या दिवशी बाजार. बस भरून आली अन् थांबलीच नाई. ऑटोनं गेलो, तो दर फाट्यावर कापसाचे गाठोडे घे, माणसं घे. आदिलाबादले उतरलो अन् पळालो.

पोचलो तवा उस्ताद एका ट्रॅक्टरखाली होते. त्याईचा हात बाहेर होता. अन् मामाचा हात पेटीत होता, सोळा-सतराच्या जागेवर, तसाच ठेवेल. मंग त्याईनं बाजूची जागा चाचपली. मंग साऱ्या पेटीत दोन्ही हात घातले. ट्रॅक्टरवाला दात कोरत पाहून राह्यला होता.

"काल तुमीच मांगतला," मामा म्हणे. "जीपखालून."

उस्ताद बाहेर निघाले. "मी काल जीपखाली गेलोच नाई, मामा."

ट्रॅक्टरवाला म्हणे, म्हातारपण हाये, होते असं. उस्ताद पेटीकडं पाहत राह्यले. पेटीचं कुलूप खिळ्याले टांगेल होतं, चाबीसकट.

आता मी सांगतो मले काय सुचलं. पाना हळूच स्टुलाखाली टाकाव अन् म्हणाव, हा पाहा मामा, इथं पडला होता. माह्यासारख्याले असंच सुचते. गुंडाळीत हातबी घातला. पण तसं केलं असतं तर पाना मामाच्याच हातून पडला असता, अन् मामा बोथले.

मी पाना काढून पेटीवर ठेवला अन् म्हटलं, जीपखालून मांगणारा मी होतो. उस्तादाले आधी समजलं नाई. म्हणे, मामा काय माहा आवाज ओळखत नाईत? मी खाली पाहून राह्यलो. मंग समजलं त्याईले.

"बोल," म्हणे. "कसा बोलला बोल."

"जाऊ द्या उस्ताद."

"बोल."

मी खोकललो. जरासं थांबलो. सोला-सत्रा म्हटलं.

अन् मामाचा हात उठला, पेटीकडं गेला. मंग मधीच थांबला.

कोणी हसलं नाई. ट्रॅक्टरवालाबी नाई. माही नकल येवढी बरोबर आजलोक झाली नाई.

उस्तादानं माही गुंडाळी घेतली अन् कुलपाच्या खिळ्याले टांगली, कुलपाच्या वरून. दिवाळीपर्यंत घमेलं, म्हणे. मंग वापस ट्रॅक्टरखाली जाता जाता थांबले. "मामा, तुमीच बोला याले. मी बोललो तर हा उद्या त्याचीबी नकल करन."

मामाईनं पेटीवरचा पाना चाचपून हाती घेतला. मले वाटलं, आता मारते. ते बसले, फडकं शोधलं, अन् पुसता पुसता सुरू झाले.

"पोट्ट्या, महिनाभर तुले शिकवलं हाताले घर दाखवाले, अन् तू दुसऱ्याचा पाना घरात घेऊन झोपला. बरं, झोपला तं झोपला. पन मले काऊन फसवलं? डोये असनाऱ्याले फसव ना. ह्या ट्रॅक्टरवाल्याले फसव, दोन डोये हायेत त्याले. मले इचारलं तवा मी नाई म्हनलं होतं. नाई म्हनजे नाई. उस्तादाची वाट पाह्यली असती तं काय मेला असता का खाली? मास्तराचं लेकरू तू. आता ऐक. आजपासून माह्याजवय आला का पयले आपलं नाव सांगाचं. आपल्या आवाजात. नाव ऐकल्याबिगर मी तुले पानी देनार नाई, पाना तं दूरच." त्याईनं पान्यावरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेला, अन् वापस फडकं घेतलं. "अन् चोरला तं चोरला, पुसून तरी आनाचा होता, बेशरमा. जीपचं सारं तेल तसंच हाये याले."