सत्तावन्न किलोची मुलगी

ती आत्ता पोटभर पाणी पिऊन निवांत झोपली असेल, या विचाराने माझी झोप उडाली आहे.

माझी धाकटी मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या फ्लायवेट गटात लढते. त्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं. सत्तावन्न किलोच्या वर गेलेलं वजन मात्र चालत नाही. दिवसभर ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. म्हणते, "आई, मी दात पाडतेही आणि बसवतेही."

तिच्या खोलीत याच गटातल्या नामांकित लढवय्यांचे फोटो आहेत. एकीला ती 'सावली' म्हणते, कारण ठोसा पोचेपर्यंत ती तिथे नसतेच. दुसरी 'सुई'. "जड माणसं भिंतीसारखी लढतात, आम्ही पडद्यासारख्या," असं सांगत ती दोरीवर उड्या मारू लागते. तिचे पाय जमिनीला लागतात की नाही, कळत नाही. दारात उभं राहून मला वाटतं, हिला कुणी धरून ठेवलं नाही तर ही अलगद खिडकीतून निघून जाईल.

जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची होती. चिऊ-काऊ करत एकेक घास भरवला. आणि गेल्या लढतीआधी, वजन उतरवायला गरम पाण्याच्या टबात घाम काढताना ती बेशुद्ध पडली. मीच ओढून बाहेर काढलं. वाफेत तिचा चेहरा पाण्याखालच्या चंद्रासारखा दिसत होता.

म्हणून काल, ती आंघोळीला गेल्यावर, मी घरच्या वजनकाट्याचं चाक फिरवलं. काटा एक किलो मागे आला.

"आई, सत्तावन्नच्या आत आले गं."

"मग पाणी पी."

"आज भलतीच लाडात आलीस," म्हणत तिने दोन ग्लास रिचवले. कित्येक दिवसांनी हसली.

आज ती तिला लढायला शिकवणाऱ्या सरांबरोबर लढतीच्या गावी गेली. उद्या सकाळी आठला तिथल्या काट्यावर उभी राहील. किलोभर जास्त भरली तर लढत रद्द. विजेतीला मिळणाऱ्या या पट्ट्यासाठी तिने सहा वर्षं वाट पाहिली आहे.

आत्ता सांगितलं तर ती पुन्हा टबात उतरेल. नाही सांगितलं तर चार लोकांत मान खाली घालून उभी राहील, आणि का ते तिला कळणारही नाही. टबात उतरायचं की घरी परतायचं, हे तिने ठरवायचं होतं. मी परस्पर ठरवून मोकळी झाले.

सर तिथे तिच्या शेजारच्याच खोलीत आहेत. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून तिथेच बसा, असं त्यांना सांगते. पण आधी तिला. चिडेल, बोलेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. फोन लावते.