मावशीचा शोध, फुकटचा आणि विकतचा

मामानं दवाखान्यात सगळ्यांची क्षमा मागायला सुरुवात केली, तेव्हाच आईनं ओळखलं की तिचा भाऊ आता घरी यायचा नाही.

आम्हा जैनांत दशलक्षण पर्व संपलं की एकमेकांची क्षमा मागायची पद्धत आहे. वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल ते हात जोडून मोकळं करायचं. मामा हे दरवर्षी वीजबिल भरल्यासारखं उरकायचा. पण शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, तो ते मनापासून करायला लागला. बांधावरून ज्याच्याशी जन्मभर भांडला त्या भावकीतल्या माणसाला त्यानं कागलहून बोलावून घेतलं. सुनेची क्षमा मागितली, तर ती बिचारी रडायलाच लागली. राउंडला आलेल्या डॉक्टरलाही म्हणाला, "पावणं, तुमास्नीबी काय बोललो असंन तर क्षमा करा." डॉक्टर गोंधळून रिपोर्ट चाळायला लागले.

मग एकच माणूस राहिलं. माझी थोरली मावशी.

मावशीनं पन्नासेक वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं होतं. नवरा बँकेत कारकून, कागलला बदलीवर आलेला. मामा तेव्हा घरचा कर्ता. त्यानं फर्मान काढलं की लग्नाला आपल्यातलं कुत्रंसुद्धा जाणार नाही, आणि खरोखरच कुणी गेलं नाही. पुढं त्या जावयाची बदली झाली, मग आणखी कुठंतरी झाली. मावशी आता कुठं असते हे विचारायचीही घरात चोरी होती. आई फक्त दिवाळीत करंज्या तळताना "अक्काला लई आवडायच्या" एवढं म्हणायची आणि पुढची करंजी कढईत सोडायची.

"तू त्या फोनमधी सारखी काय तरी हुडकत असतीस," मामा मला म्हणाला. "तिला हुडक की. मला तिच्याशी बोलायचं हाय."

मी शाहूपुरीतच एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते म्हणून नातेवाइकांना वाटतं की हिला जगातलं सगळं दिसतं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. एक बाई शोधायची ती काय, असं म्हणत मी जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात घेऊन बसले.

आधी अर्थातच फुकटचं. मावशीचं नाव आणि माहेरचं आडनाव टाकलं, तर बायकांची ही मोठी रांग लागली. एकेकीचं तोंड मी मोठं करून बघितलं. कुणी कॉलेजात जाणारी पोरगी, कुणी अमेरिकेतली डॉक्टर. एकीच्या जागी तर चक्क म्हैस होती. कुणा गवळ्यानं बायकोच्या नावानं खातं काढलेलं. सत्तरी ओलांडलेली त्यात एकही नव्हती. मग माणसं शोधून देणाऱ्या खास साइट बघितल्या. तिथं सुरुवातीला सगळं फुकट असतं. नाव टाका, गाव टाका, वय टाका. शेवटी फोन नंबरचे पहिले दोन आकडे दिसतात, पुढं नुसत्या फुल्या, आणि खाली पैसे भरायचं बटण. मिसळीचा वास फुकट, मिसळ विकत, असा प्रकार. आणि मी तर त्या वासावरच आशा लावून बसले होते.

पैसे भरले. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या नाटकाचं. विकतच्या साइटवर चक्र फिरायला लागलं आणि खाली एकेक ओळ उमटायला लागली. मालमत्तेच्या नोंदी तपासत आहोत. न्यायालयाच्या नोंदी तपासत आहोत. जणू माझ्या मावशीनं कुणाला गंडा घालून पळ काढला होता. दोन्हीत फरक म्हणाल तर एवढाच, की फुकटचं लगेच नाही म्हणतं आणि विकतचं आधी आपल्या जिवाला घोर लावतं. कारण त्या दिवशी चक्र थांबलं आणि ठळक अक्षरांत आलं : एक व्यक्ती सापडली. मावशीचं नाव, माहेरचं आडनाव, वय साधारण जुळणारं, गाव इचलकरंजी.

मी आईला फोन करून सांगितलं, सापडली. खात्री होईपर्यंत मी थांबायला हवं होतं. पण इचलकरंजी! इतक्या वर्षांत आम्ही कितीदा तिथं लग्नाकार्याला जाऊन आलो असू, आणि ही तिथं होती! मी दवाखान्यात पोचेपर्यंत आईनं मामाला उठवून बसवलं होतं. बोलणं नीट कळावं म्हणून त्यानं कवळी लावून घेतली होती. आई त्याचे केस विंचरत होती, जशी काय अक्का फोनमधून त्याला बघणारच होती.

मी व्हरांड्यात जाऊन नंबर लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. मी नाव विचारलं, बाई म्हणाल्या, हो, मीच. मी एका दमात कागल, बँक, लग्न, मामा सगळं सांगितलं.

"माझा नंबर कुणी दिला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

एका साइटवरून विकत घेतला, असं सांगताना माझी मलाच लाज वाटली.

"मी शिक्षिका होते," बाई म्हणाल्या. आवाज जरा मऊ झाला होता. "लग्न केलंच नाही मी. म्हणून तर माझं नाव माझ्याकडं राहिलं आणि तुम्हाला सापडलं. तुमच्या मावशीचं लग्न झालं म्हणताय ना? मग त्यांना या नावानं कशाला शोधताय?"

मी तिथल्या बाकड्यावर बसले. माझी मला चीड आली. उचगावला सून म्हणून आले त्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं आणि घरभर पेढे वाटले होते. आडनावच काय, माझं पाळण्यातलं नावही त्या दिवशी गेलं. माहेरचं नाव आता एकट्या आईच्या तोंडात उरलंय. तरीही मी मावशीला तिच्या पाळण्यातल्या नावानं शोधत बसले होते, कारण आमच्या घरात ती त्या नावापुढं कधी गेलीच नव्हती. मी बसल्या बसल्या त्याच साइटवर माझं स्वतःचं माहेरचं नाव टाकलं. चक्र फिरलं, न्यायालयं तपासून झाली, आणि उत्तर आलं की अशी कुणी व्यक्ती नाही. मग आत जाऊन मामाला सांगितलं, ती दुसरीच कुणी निघाली.

सासरच्या आडनावानं शोधावं म्हटलं, तर ते इतकं सर्रास आढळणारं की दवाखान्याच्या दारात उभं राहून हाक मारली असती तर निम्मा रस्ता मागं वळला असता. त्याच्याआधी लावायला नाव पाहिजे होतं, आणि मावशीचं नवं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं; नवऱ्याचा तर घरात नुसता 'त्यो कारकून' असाच उल्लेख. नुसत्या आडनावावरून बँकेत विचारलं. त्या बँकेचंही मधे दुसऱ्या बँकेशी लग्न लागून नाव बदललेलं. तिथल्या साहेबांनी सभ्यपणे सांगितलं की पेन्शनरची माहिती बाहेर देता येत नाही. त्यांचंही बरोबरच होतं. मी मात्र जिन्यात उभी राहून ढसाढसा रडले.

पुन्हा दवाखान्यात आले, तेव्हा मामाचा श्वास वाढला होता. आई पायाशी बसली होती. मी सरळच विचारलं, "मामा, लग्नात मावशीचं नाव काय ठेवलं?"

"आमी गेलतो कुठं लग्नाला?"

"पण कुणीतरी सांगितलं असेल की."

मामानं नाकातली नळी नीट केली. मग म्हणाला, "तिच्या सासरचा एक म्हातारा आलता. पेढ्याचा पुडा घिऊन. चांगला माणूस हुता. दारात हुभा राहून म्हणाला, सुनंचं नाव ठेवलंय, तोंड गोड करा. त्यो नाव सांगणार, तेवढ्यात मी दार लावलं."

आईला हे माहीत नव्हतं. "मी आत दळाण करत बसलेली," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, भिकारी आलाय."

मला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी त्याच्या त्या वाळक्या हातांकडं बघवेना. ओरडायचं तरी कुणावर? सगळ्या जगाच्या नोंदी धुंडाळणारं ते चक्र दिवसभर फिरत राहिलं असतं, तरी बंद दारापलीकडं बोललेला एक शब्द त्यात कुठून येणार होता? आता फुकटचं काय आणि विकतचं काय.

मामानं हात जोडले. डोळे मिटून मावशीचं माहेरचं नाव घेतलं आणि म्हणाला, "माझं चुकलं, बाई. क्षमा कर."

"अण्णा," आई म्हणाली, "त्या नावाची आता कोण न्हाय."

आई आयुष्यात त्याला असं उलटून बोलली नव्हती. मामानं डोळे उघडले. मला "केली" म्हणून टाकावंसं वाटलं, जीभ उचललीही होती, पण ती क्षमा माझी नव्हती. तो हात तसेच जोडून बसला, आणि कुणाकडं बघून मागायची ते न कळून आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला.