पेटता स्टोव्ह आणि 'कोल्ड-ब्लडेड'

माझी चूक झाकायला मी एका चांगल्या मित्राला निर्दय ठरवलं, आणि रॉकेलचा वास आला की ते हटकून आठवतं. भूकंपानंतर लातुरात अधूनमधून जमीन हलायची. आम्ही दोघं क्लाससाठी एका खोलीत राहायचो. एका संध्याकाळी मी खिचडी टाकली, तेवढ्यात फळीवरची भांडी खडखडली आणि मी स्टोव्ह पेटता सोडून अंगणात पळालो. मित्र मागं थांबला, स्टोव्ह विझवला आणि फडक्यात पातेलं धरून सावकाश बाहेर आला. "पळताना जेवण तरी आणायचं की रं!" म्हणाला. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या सरांनी 'कोल्ड-ब्लडेड' शब्द शिकवला: दुसऱ्याचं काहीही होवो, ज्याला पाझर फुटत नाही असा माणूस. नवा शब्द वर्गातल्याच कुणावर तरी वापरून दाखवायचा, हा त्यांचा नेम. मी उठलो आणि मित्राकडं बोट दाखवून सांगितलं, "घर हलत होतं, मी अंगणात बोंबलत होतो, अन् हा खिचडी ढवळत होता!" वर्ग खदाखदा हसला, तोही हसला. स्टोव्हचं मी बोललोच नाही, तोही नाही. मग पोरं त्याला अभ्यासाला सोबत घेईनात. "हा आपल्याला सोडून खिचडी खाईल," म्हणायची. वर्षभर तो एकटाच वाचत बसला. परवा लेकीला क्लास लावायला तो नांदेडहून लातुरात माझ्याकडं आला, तेव्हा तिच्यासमोरच मी म्हणालो, "पोरी, स्टोव्ह मी पेटता सोडला होता, तुझ्या बापानं घर वाचवलं. गड्या, चुकलो मी, माफ कर."