गेटच्या आत की बाहेर

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी. त्यांनी निम्मं आयुष्य उंचावर चढण्यात आणि उरलेलं लोकांना खाली उतरवण्यात घालवलं. आधी ते इमारतींना परांची बांधायचे. खांद्याचं हाड मोडल्यावर कंपनीने त्यांच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट ठेवलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि सेफ्टी सुपरवायझर करून टाकलं. त्याच साइटवर मी स्टोअर सांभाळायचे. माझ्या तोंडून ऐकून ऐकून सगळी साइट त्यांना दाजी म्हणू लागली. एवढे मेव्हणे आणि त्यांची बहीण एकच, तीही आपल्याशी धड बोलत नाही, असं ते कुरकुरायचे.

स्वभाव तिखट. पट्टा न लावता कडेला उभ्या राहणाऱ्याची ते सगळ्यांसमोर हजेरी घ्यायचे, पण त्यांचा खरा राग 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्यावर. ते वाक्य कानावर पडलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. मोडलेला खांदा चोळत ते म्हणायचे, हे वाक्य मीसुद्धा म्हणायचो, तेव्हा मला शिकवू नका.

मुख्य गेटवर एक निळा फलक होता. अपघाताविना गेलेले दिवस, असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली आकडा. रोज सकाळी वॉचमन तो बदलायचा. एकदा मोठ्या साहेबांनी, म्हणजे साइटच्या मॅनेजरने, सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं की वर्षभर एकही अपघात नोंदला गेला नाही, तर प्रत्येक कामगाराला एक स्टीलचा कुकर मिळेल. टाळ्या पडल्या. ज्यांना अर्धी वाक्यं कळत नव्हती त्यांनाही 'नोंदला गेला नाही' हे मात्र बरोबर कळलं.

कुकर आले आणि माझ्या स्टोअरमध्ये छतापर्यंत खोकी लागली. हेल्मेट मागायला कधी न फिरकणारे गडी आता काहीबाही निमित्त काढून यायचे आणि खोक्यांकडे बघून जायचे. एक पठ्ठ्या तर खोकं उघडून कुकरची शिट्टी हलवून गेला. मला हसू यायचं, पण फार दिवस आलं नाही.

कारण माझ्याकडची काळी चिकटपट्टी भराभर संपू लागली. वायरमनने तर मागितलीच नव्हती. मग कळलं, की ती पायांना जात होती. चपलेतून खिळा घुसला की जखमेवर फडकं ठेवायचं, वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि कामाला लागायचं. प्रथमोपचाराची पेटी कुलपाशिवाय उघडी पडलेली, तिला कुणी शिवेना, कारण पेटीतलं औषध घेतलं की नाव सांगावं लागायचं. एकाचा पाय इतका पिकला की त्याच्या शेजारी उभं राहवेना. तोही सांगत होता, उन्हाने सुजलाय.

मी दाजींना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते गेटवर उभे राहून प्रत्येकाला चालून दाखवायला लावू लागले. काय ती वरात! माणसं दाजींसमोरून छाती काढून, ताठ पावलं टाकत जायची आणि सिमेंटच्या गोदामाआड वळली की भिंतीला धरून लंगडायची. हे कुणी साहेब त्यांच्याकडून करून घेत नव्हता. ती एकमेकांना शिकवत होती, कसं चालायचं ते. मला तेव्हा जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

दाजी मोठ्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, कुकर आजच वाटून टाका आणि हा फलक काढा. लपवलेली जखम मला दिसत नाही, मग ती कशाने झाली तेही कळत नाही, आणि मग तीच वस्तू दुसऱ्याला लागते. साहेबांनी त्यांना चहा पाजला. वरच्या ऑफिसात आपल्या आकड्याचं किती कौतुक होतंय ते ऐकवलं आणि पाठीवर हात ठेवून परत पाठवलं. घरी आले तर ताईचा वेगळाच सूर. तिचा जुना कुकर गळत होता. बक्षिसाच्या कुकरात शिजलेलं मी खाणार नाही, असं दाजी म्हणाले. मग उपाशी राहा, असं ताई म्हणाली. त्या घरात तत्त्वांचे लाड कधीच नव्हते.

आणि मग ओळंबा पडला. ओळंबा म्हणजे आमचा गवंडी. काटकुळा, उंच, भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन लावून सोडतात त्या ओळंब्यासारखा, म्हणून ते नाव. माल चढवायच्या लिफ्टला तिसऱ्या मजल्यावर जे जाळीचं दार होतं, त्याची कडी बसत नव्हती. दार आपटून एकाची नडगी सोलली होती, दुसऱ्याचा घोटा सुजला होता. दोघांनीही तोंडातून ब्र काढला नाही. दार सारखं आपटतं म्हणून कुणीतरी ते तारेने उघडंच बांधून टाकलं. विटा लावता लावता ओळंबा दोन पावलं मागे सरकला, आणि मागे दार नव्हतं.

दाजी तेव्हा पलीकडच्या इमारतीत होते. ओरडा ऐकून ते धावले, तर लिफ्टखाली वाळूचा ढीग दबलेला आणि माणूस नाही. ढकलगाडीच्या चाकाचा ओला माग गेटकडे गेला होता. ओळंबा गेटच्या बाहेर रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला, केसांत वाळू, भोवती त्याच्याच टोळीची माणसं आणि त्याचा धाकटा भाऊ. सगळे एकसुरात सांगत होते, की चहाला निघाला होता, गाडीने उडवला आणि पळून गेली.

मी पोचले तेव्हा दाजी रस्त्यात गुडघ्यांवर बसून ओकत होते. पाठीच्या कण्याला मार लागलेला माणूस जागचा हलवायचा नसतो, हे त्यांनी त्याच लोकांना रोज सकाळी घसा फोडून सांगितलं होतं. आणि त्याच लोकांनी त्याला विटांच्या ढकलगाडीत घालून खडबडीत जमिनीवरून आणला होता. तोंड पुसून दाजी उठले, वॉचमनला बाजूला सारलं आणि स्वतःच्या बाहीने फलकावरचा आकडा पुसला. तेव्हा ती माणसं त्यांच्याकडे ज्या हादरलेल्या नजरेने बघत होती, तशा नजरेने जमिनीवरच्या ओळंब्याकडे कुणी बघत नव्हतं.

ओळंबा वाचला. कमरेखाली मात्र काही उरलं नाही. आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. तो गेटच्या आत पडला असेल, तर कंपनीला त्याच्या गावाकडच्या बायकापोरांचं बघावं लागणार. बाहेर पडला असेल, तर कंपनी हात वर करायला मोकळी. मोठ्या साहेबांनी दाजींना बोलावून घेतलं. या वेळी चहा नव्हता. एका माणसासाठी तुम्ही सगळ्यांच्या पोटावर पाय देताय, काम बंद पडलं तर हीच माणसं तुमच्या दारात येतील, असं त्यांनी समजावलं. बोलताना दात कोरत होते. दाजी म्हणाले, येऊ देत.

ती आलीही. शिव्या घालायला आली. सांगते ना, मला साहेबाचा राग येतो, पण तो साधा राग आहे. ज्यांचे पाय सडत होते तीच माणसं दाजींच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाली, की तुम्हाला आमचं चांगलं बघवत नाही. ती गेल्यावर ताईने पायरीवर दोन बादल्या पाणी ओतलं, आणि त्यानंतर नव्या कुकरचं नाव काढलं नाही.

तपासणी करणारे सरकारी अधिकारी दवाखान्यात आले त्या दुपारी दाजींबरोबर मीही गेले होते. वॉर्डात फिनेलचा आणि लघवीचा मिसळलेला वास. खाटेभोवती टोळीतली माणसं उभी होती आणि धाकटा भाऊ उशाशी बसून वाटीतली पेज चमच्याने ओळंब्याला भरवत होता. अधिकाऱ्यांनी एकेकाला विचारलं. बाहेर, बाहेर, बाहेर. धाकट्याने मान खाली घालून तेच सांगितलं. दाजी म्हणाले, आत, आणि लिफ्टच्या दाराचं, तारेचं, ढकलगाडीचं सगळं सांगून टाकलं. मग अधिकारी ओळंब्याकडे वळले.

"तिसऱ्या मजल्यावरून पडलो," तो म्हणाला. "आत."

टोळीतला एकजण शिवी हासडून बाहेर निघून गेला.

"मग तुम्हाला बाहेर कुणी नेलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ओळंब्याने डोळे मिटले. "मला शुद्ध नव्हती," तो म्हणाला.

त्यांनी तेवढं लिहून घेतलं. बायकापोरांपुरतं तेवढं पुरेसं होतं, असं त्यांनी दाजींना दारात सांगितलं. माणसं पांगली. धाकटा वाटी धुवायला नळावर गेला. दाजी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, आणि मला वाटलं आता तरी यांच्या चेहऱ्यावरचा आंबटपणा जाईल. तेवढ्यात ओळंब्याने त्यांना जवळ वाकायला सांगितलं.

"दाजी, मी शुद्धीत होतो. गेटपर्यंत. हलवू नका, हलवू नका म्हणून ओरडत होतो."

"आम्हाला ऐकू नाही आलं रे," दाजी म्हणाले. "मला वाटलं, पडतानाच काय ते ओरडलास."

"कसं येणार? तोंड दाबून धरलं होतं." त्याने नळाच्या दिशेने बघितलं. तिकडून वाटी घासल्याचा आवाज येत होता. "धाकट्याने. आता त्याच हाताने भरवतो, दिवसातून चार वेळा. मला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका, दाजी. तो गेला तर इथे मला कुशीवर वळवायला दुसरं कुणी नाही."