मेंदीचं कुंपण

आमच्या कॉलनीच्या बागेला पुरुषभर उंच मेंदीचं कुंपण होतं. गेल्या महिन्यात ते काढून जाळी बसवली. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसावं, बायकांना निर्धास्त वाटावं, म्हणून. मलाही बरंच वाटलं. माझी लेक आता संध्याकाळी तिथे एकटी पळायला जाते.

काल दुपारी मात्र आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंदाताई बागेबाहेर, पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून बसलेल्या दिसल्या. दोन घरांच्या कामांच्या मधे त्यांना तासभर वेळ मोकळा मिळतो. तेव्हा त्या रोज मेंदीच्या आडोशाला पाय पसरून डबा खायच्या, मग घटकाभर आडव्या व्हायच्या.

"अहो, बाग सोडून इथे कुठे?" मी विचारलं.

"तिथं आता सगळा रस्ता बघतो ओ ताई. पाठ कशी टेकायची?"

लोक बघतात म्हणून लेक निर्धास्त, आणि लोक बघतात म्हणूनच मंदाताई टाकीमागे. थोडी मेंदी ठेवायला हवी होती का? आडवं झाल्यावर झाकेल इतकी? मग तिच्याआड कोण दबा धरून बसलंय, ते लेकीला कसं कळायचं? कुठूनही सुरुवात केली तरी मी फिरून तिथेच येत होते.

तशीच बागेतल्या बाकावर जाऊन टेकले. चपला काढून पाय वर घ्यावेत असं फार वाटलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तरी मी ओढणी सारखी केली, आणि पाय खालीच ठेवले.