आणि, किंवा, कंस

पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून ताई देवळाली कॅम्पहून सिडकोत माझ्याकडे राहायला आली. ती शाळेत मराठी शिकवते. कॉम्प्युटरशी तिचा संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. पण लहानपणी एकाच रिमोटसाठी भांडत आम्ही व्हिडिओ गेम खेळायचो, आणि जिंकायची तीच.

मी तेव्हा फावल्या वेळात वेगळ्याच कामात गुंतले होते. जुन्या गेममधल्या वस्तूंच्या जागा बदलून टाकणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना रँडमायझर म्हणतात. ओळखीच्या पेटीत चावी नसते, भलतीकडेच सापडते. मात्र दाराची चावी त्याच दाराआड गेली की खेळ संपला. म्हणून कुठे जायला काय लागतं, याचे नियम आधी लिहून द्यावे लागतात. प्रत्येक गेमचे लोक ते आपापल्या पद्धतीनं लिहायचे. सगळ्यांसाठी एकच भाषा तयार करावी, म्हणून देशोदेशीचे आम्ही काही हौशी लोक खटपट करत होतो.

ताईला मी असाच एक गेम लावून दिला. संध्याकाळी तिची हाक आली, "अगं, चावीनं गुहा उघडली, पण आत मिट्ट काळोख. कंदील कुठेच नाही!"

मी नियम दाखवला: चावी किंवा दोर आणि कंदील.

तिनं तो मोठ्यानं वाचला. "चावी असली तरी कंदील लागतो, की फक्त दोर असेल तेव्हा?"

"दोन्ही वेळा लागतो."

"मग तसं लिहिलंय कुठे? मुलांनी असं वाक्य लिहिलं तर मी लाल गोल करते."

खरंच होतं. प्रोग्रॅमनं चावी एकटी पुरेल असं धरून कंदील गुहेतच टाकला होता. मी गटाला लिहिलं, 'आणि'बरोबर 'किंवा' आलं की कंस सक्तीचा करू. ब्राझीलचा आमचा सगळ्यात जुना सोबती म्हणाला, "एवढं कळतं सगळ्यांना." मी लिहिलं, "माझ्या बहिणीला नाही कळलं, आणि खेळणार तीच आहे." त्यानं वाद घातला नाही. स्वतःच्या गेमचे नियम तपासले, त्यातही तीच चूक निघाली. मग कंसाचं सगळं काम त्यानंच केलं आणि ताईला आभार कळवले.

प्लास्टर निघेपर्यंत ताईनं एका छोट्या गेमचे सगळे नियम आमच्या भाषेत लिहिले. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसानं लिहिलेले ते पहिलेच. पुढे परदेशातली एक नर्स तो गेम खेळताना आम्ही दोघींनी इंटरनेटवर थेट पाहिली. ती कुठेही न अडकता शेवटच्या दारातून बाहेर पडली, तेव्हा ताईनं टाळ्या वाजवल्या. ताई, तो ब्राझीलचा सोबती, ती नर्स, मला सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते.