नापासबाई आणि काचेची किटली

काचकारखान्यात तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि तिची पाठ वळली की ‘नापासबाई’. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याच होत. भट्टीवरचे दांडगे कारागीर फुंकून फुंकून गाल दुखवून घेणार, आणि त्यांचं भांडं पास की नापास ते सावलीत स्टुलावर बसून ठरवणार ही!

तिच्यापुढे एक पेटी असे. आत दिवा, दिव्यापुढे एक खास पट्टी, डोळ्यांपुढे तशीच दुसरी. पहिल्या पट्टीतून प्रकाशाची थरथर एकाच दिशेने बाहेर पडते. दुसरी बरोब्बर आडवी लावली की तीही अडते आणि अंधार होतो. त्या अंधारात भांडं धरायचं. सावकाश निवलेली काच अंधारातच राहते. घाईने निवलेल्या काचेत ताण अडकून बसतो, तो प्रकाशाला मुरड घालतो आणि रंग उमटतात. जितके रंग देखणे, तितकं भांडं घातकी. चकती फिरवून ताण मोजायचा; हद्दीबाहेर गेला की लाल फुली.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं त्याच सुमाराला एक किटली आली. दांडा चिकटवला होता तिथे जांभळा, हिरवा, सोनेरी असा नुसता दंगा. तिने फुली मारली. मग आठवलं, सासूबाई येणाऱ्या सुनेचं कौतुक करताना थकत नव्हत्या. शिक्षण काय, स्वभाव काय, आवाज काय! थोरलीच्या वाट्याला इतक्या वर्षांत ‘आज मीठ बरोबर पडलंय’ यापलीकडे काही आलं नव्हतं. तिने फुली पुसली आणि किटली चमकीच्या कागदात गुंडाळून धाकटीला भेट दिली. शोभेची म्हणून कपाटात पडून राहील, अशी मनाची समजूतही घातली.

पण धाकटी निघाली भाबडी. जाऊबाईंनी दिलेली म्हणून दोन्ही वेळचा उकळता चहा त्या किटलीतच. पाहुणा आला की आधी किटलीची ओळख, मग नवऱ्याची. पुढे मुलगी झाली, टेबलाचा पाय धरून उभी राहायला लागली. किटली त्याच टेबलाच्या कडेला.

थोरलीची झोप उडाली. किटली आज फुटेल किंवा दहा वर्षांनी, ते पेटीही सांगत नाही. तिने चकाकी अडवणारा गॉगल घेतला. त्याच्या काचा पेटीतल्या पट्टीच्याच जातीच्या, आणि कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड मुळातच एका दिशेचा. धाकटीकडे गेली की ती किटली पडद्यापुढे धरी आणि गॉगल लावून, पडदा काळा होईपर्यंत मान वाकडी करी. रंग जिथल्या तिथे. धाकटीकडे राहणाऱ्या सासूबाईंनी नात्यागोत्यात कळवून टाकलं, की थोरलीला हल्ली घरात ऊन लागतं.

एका रविवारी धाकटीकडे चहा उकळत होता आणि मुलीने टेबलाच्या कडेला हात घातला. थोरलीने रिकामी किटली उचलली आणि हातातून सोडून दिली.

सासूबाई म्हणाल्या, “फोडलीस एकदाची. पहिल्यापासून सलत होती तुझ्या डोळ्यांत.”

थोरलीला हायसं वाटलं. जळकी म्हणवून घेणं स्वस्त होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर ती जन्मभर जळकी राहिली असती. पण धाकटीने मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, “जाऊबाई तशा नाहीत हो. हात सुटला असेल.” वर थोरलीच्या पायांशी वाकून काच लागली का ते बघायला लागली.

“नापास होती ती,” थोरली म्हणाली. “मीच केली होती. फुली पुसून तुला दिली.”

धाकटीला उलगडा होईना. मग थोरलीने सगळंच सांगितलं: दांड्याजवळचा ताण, पडद्यापुढचा गॉगल, आणि उकळत्या चहाने ती कधीही फुटली असती, हेही.

“म्हणजे तुम्ही येऊन बघत होतात,” धाकटी म्हणाली.

“हो.”

“आणि बघून घरी जात होतात.”

धाकटी मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

सासूबाईंनी पातेल्यातूनच चहा ओतला आणि एक कप थोरलीपुढे सरकवला. ती खाली बसून काचा वेचत होती, उघड्या हातांनी. चहावर साय धरली, तरी ती कपाकडे वळली नाही.